टेबलाखालचं शिसं

बस, नितेश. चहा सांगितलाय, येईल आता. बारा वर्षं शेजारच्या गाळ्यातून तू माझ्या रंध्याचा आवाज ऐकतोयस, आणि गेले पाच दिवस इथे काहीच वाजत नाही म्हणून विचारायला आलास. सांगतो. साडेतीन वाजलेत, पावणेचारच्या आत सांगून व्हायला हवं.

ऋताने आणि जावयाने, सुयोगने, ती शिडाची जुनी बोट घेतली, तेव्हापासून मी पोरीशी आठ महिने बोललो नव्हतो. हिची आई, मृणालिनी, गेल्यावर मला ही एकच उरली, आणि तिला समुद्रात जायचं होतं. मी नाही नाही ते बोललो. नोव्हेंबरात ती अचानक इथे आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, केबिनमध्ये टेबल नाहीये रे. करून देशील?"

मला माघार घ्यायला तिने वाट करून दिली होती. मी लगेच हो म्हटलं.

साधं टेबल नको होतं तिला. शिडात वारा भरला की बोट एका अंगावर कलते, टेबल तिच्याबरोबर कललं तर जेवण मांडीवर. म्हणून टेबलाचा माथा दोन बाजूंच्या पिनांवर टांगलेला असतो आणि खाली शिशाचं वजन असतं. तिने हाताने करून दाखवलं. "बोट कितीही कलू दे, टेबल सपाट. टेबल हलत नाही बाबा, बोट हलते त्याच्याभोवती." हे वाक्य लक्षात ठेव.

असं जुनं एखादं मिळालं तर मापं घेता येतील म्हणून मी जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरवाल्यांकडे गेलो. तिसऱ्या दिवशी दादू नावाच्या म्हाताऱ्याच्या दुकानात, कपाटांच्या मागे, मिळालं. सागवानी, कडेला बोटभर पट्टी, खाली बारा किलोचं शिसं. माथा सुतळीने पायांना करकचून बांधलेला होता.

"भंगारात गेलेल्या बोटीचं हाय," दादू म्हणाला. "बांधूनच ठेवा सायेब. सुटं राहिलं की गिऱ्हाईक घाबरतं."

"का?"

"घाबरतं," एवढंच म्हणाला तो.

मी कारखान्याच्या टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढलेला माणूस. पिन झिजली असेल, डुगडुगत असेल, म्हटलं. त्या भिंतीपाशी उभं केलं, सुतळी कापली, पिनांना तेल दिलं. पाण्यासारखं सपाट उभं राहिलं. तो सोमवार होता.

पावणेचारला मी माथ्यावर चहाचा ग्लास ठेवला आणि वळलो. परत बघतो तर टेबल कललेलं. थोडंसंच. पिन अडकली म्हणून वाकून बघितलं, पिन मोकळी होती. कोनमापक लावला, चार अंश. भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. ती बघ, सगळ्यात खालची.

मग माझं लक्ष ग्लासाकडे गेलं. टेबल कललं तर ग्लास कलतो, पण चहा कलत नाही, बरोबर ना? चहा जमिनीशी सपाटच राहायला हवा. नितेश, चहा टेबलाशी सपाट होता. काठाला समांतर. मी ओळंबा आणून शेजारी टांगला. आयुष्यात ओळंब्याने मला कधी फसवलेलं नाही. तोही चार अंश तिरका लटकला.

म्हणजे टेबल सपाट होतं. तिरका हा गाळा झाला होता… तू, मी, हे कपाट, बाहेरचा असल्फ्याचा चढ, सगळंच.

दहा मिनिटांनी सगळं जागेवर आलं. मंगळवारी त्याच वेळी नऊ अंश. बुधवारी पंधरा, मग बावीस, मग एकतीस. रोज वरची एक रेघ. मी कुणाला बोललो नाही. शुक्रवारी एका पायावर जास्त भार येऊन माझा गुडघा भरून आला, इतकं ते खरं होतं.

शनिवारी मी बाकाला ठोकलेलं हे वाइस दोन्ही हातांनी धरून बसलो. पावणेचारला ओल्या दोरखंडाचा वास आला, मग डिझेलचा. टेबल कलत गेलं… कलत गेलं… आणि पिना किंचाळल्या. ती सहावी रेघ भिंतीवर नाही, मला हात सोडवेनात. माथा उभाच्या उभा झाला आणि त्याच्या मागून, लाकडावर, कुणीतरी तळव्याने मारायला लागलं. घाईघाईने. मग सावकाश. मग एकदाच.

मग ते सपाट झालं. मी जवळ गेलो तर माथा ओला होता. बोट लावून चाखलं. खारट.

तुला वाटेल, याने पोरीला सांगितलं का नाही. काय सांगणार होतो? आठ महिने मी समुद्राला शिव्या घातल्या, आता टेबल करून द्यायची वेळ आली तर भुताची गोष्ट? "पुन्हा सुरू झालं तुझं, बाबा," म्हणाली असती आणि पुन्हा फिरकली नसती. मी भित्रा निघालो. समुद्राला नाही, पोरीच्या रुसण्याला भ्यालो.

पण ते टेबल तिला द्यायचं नाही एवढं नक्की केलं. मोडलं, आणि खालच्या बेकरीच्या भट्टीत नेऊन दिलं. भट्टीवाला म्हणाला, "अंकल, गीला है क्या?" अर्धा तास नुसती वाफ निघत होती, मग पेटलं. पिना, पट्ट्या, सगळं नाल्यात फेकलं. नवं सागवान आणलं आणि पंधरा दिवसांत नवंकोरं टेबल केलं. ऋता बघून म्हणाली, "झकास रे बाबा!" आणि माझ्या गळ्यात पडली. आई गेल्यावर पहिल्यांदा.

शिसं मात्र मी ठेवलं होतं.

हसू नकोस. बारा किलो स्वच्छ शिसं कोण टाकतं? आम्ही टूलरूमवाले मोडक्या बिजागरीचा स्क्रू जपून ठेवतो. आणि माझी पक्की समजूत, धातू वितळला की नवा झाला. मीच वितळवलं, मळी काढली, नव्या साच्यात ओतलं, माझ्या हाताने टेबलाखाली बसवलं. ओतताना मला समाधान वाटत होतं, नितेश.

या गेल्या रविवारी सकाळी दोघं गोव्याला निघाली. किनाऱ्यापासून लांबून जाणार होती, तिकडे वारा चांगला असतो म्हणे. दुपारी चारला दहा मिनिटं असताना तिचा फोन आला. अलिबागच्या पुढे कुठेतरी, रेंज तुटत होती.

"बाबा, टेबल एकदम मस्त आहे. फक्त एक गंमत. समुद्र आज आरशासारखा पडलाय, बोट जराही हलत नाहीये, आणि टेबल तिरकं उभंय. सुयोगने मोजलं. चार अंश."

"ऋता," मी ओरडलो, "खालचं शिसं काढ आणि समुद्रात टाक. आत्ता. आणि परत फिर!"

"काय झालं तुला? ऐकू येत नाहीये… बाबा?"

फोन कट झाला.

त्यानंतर चार दिवस माझे सगळे मेसेज एका टिकवर अडकले होते. शंभर तरी पाठवले, शिसं टाक, परत फिर. बंदराच्या ऑफिसात गेलो, तटरक्षकांना फोन केला. भली माणसं आहेत. म्हणाली, समुद्र शांत आहे, वादळ नाही, संकटाचा कुठलाही संदेश नाही, तुम्ही कशावरून म्हणता? मी त्यांना टेबलाचं कसं सांगू? तरी काल संध्याकाळी त्यांनी शब्द दिला की आज एक बोट त्या बाजूला पाठवतो.

कारण काल तिचा मेसेज आला. पाचव्या दिवशी. आठ-दहा मिनिटं रेंज मिळाली असेल. तूच वाच, माझा चष्मा सारखा ओला होतो.

'बाबा, तुझे मेसेज आत्ता एकदम आले. वजन काढून समुद्रात टाकलं, सुयोग चिडला पण टाकलं. टेबल दोरीने बांधून सरळ केलंय. परत फिरायचं तर वारा अजिबात नाही आणि इंजिन सुरू होत नाही. काळजी करू नको, पाणी एकदम शांत आहे. पण बाबा, ग्लासातला चहा अजून तिरका आहे. खूप. असं का होतं रे?'

तीन वाजून चौपन्न मिनिटांनी पाठवलाय. मी उत्तर टाकलं, ते एका टिकवरच आहे.

रविवार पहिला धरला तर आज शुक्रवार, सहावा. तो ओळंबा मीच टांगलाय सकाळी, तिकडे बघू नकोस. इथे आता काही उरलेलं नाही, लाकूड जळलं, शिसं तळाला गेलं. इथे काही व्हायचं कारण नाही.

किती वाजले? …चहा पिऊन टाक, नितेश. ग्लासात ठेवू नकोस.