उतरायला परवानगी

बाबांच्या शेवटच्या साध्या दिवशी मी त्यांच्यावर वैतागलेली होते. पाच तासांसाठी घरी आलेल्या मुलीला त्यांनी कॉम्प्युटरचा पंखा हातात देऊन दुकानात पिटाळलं होतं.

"साफ करून आण. आणि टॉवरच्याच हातात दे, दुसऱ्या कुणाच्या नको."

टॉवर कोण, हे दुकानाच्या दारातच कळलं. मी आत शिरत होते, तो बाहेर येत होता. चौकट लागू नये म्हणून त्यानं सवयीनं मान खाली घातली, आणि त्याचं कपाळ माझ्या कपाळापासून चार बोटांवर येऊन थांबलं.

"सॉरी—" तो म्हणाला. मग माझ्या हातातला पंखा त्यानं ओळखला. "अच्छा... म्हणजे तुम्ही त्या शहरातल्या. जिथे विमान उतरत नाही."

"आमच्याकडे दिवसाला शंभर विमानं उतरतात."

"एक सोडून."

पंखा घेऊन तो आत वळला. खाली बसून बारीक ब्रशनं एकेक पातं पुसू लागला. मी त्याच्या बोटांकडे बघत राहिले. मग आपण बघतोय हे लक्षात आलं आणि भिंतीवरच्या वायरी मोजायला लागले.

"किती भरल्या?" मान वर न करता त्यानं विचारलं.

"काय?"

"वायरी."

घरी येईपर्यंत मला हसू येत होतं. बाबांना मात्र मी ते दाखवलं नाही.

निवृत्त झाल्यावर बाबांनी पोरासोरांसारखा गेमिंग कॉम्प्युटर घेतला होता. शेजारच्या काकू अजून त्यावरून त्यांची चेष्टा करत. आठ वर्षं ते त्यावर एकच खेळ खेळले : छोटं, दोन आसनी विमान चालवायचा. बेटांवर, माळरानांवर, नदीकाठच्या पट्ट्यांवर ते उतरत. आणि दर फोनला मला विचारत, "मग? तुझ्या शहरात उतरायला परवानगी आहे का?"

मला वाटे, बाबांचा विनोद. विनोद नाही हेही कळत असे. माझी खोली एवढीशी होती. पलंग ओढला की कपाट उघडत नाही. बाबांना झोपवायचं कुठे, हा प्रश्न मी पाच वर्षं सोडवत होते.

त्या संध्याकाळी निघतानाही त्यांनी दारात विचारलं.

"बघू हो बाबा."

"ठीक आहे," ते म्हणाले. "तोवर घिरट्या घालतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला : बाबा गेले.

घर भाड्याचं होतं. तीन आठवड्यांनी ते रिकामं करायला मी आले, तेव्हा शेवटी एक टेबल, दोन खुर्च्या आणि कॉम्प्युटर तेवढा उरला. रविवारी मला परत जायचं होतं. मी तो रिक्षात घालून दुकानात नेला.

टॉवरनं मला पाहिलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "उद्या या." मग माझ्यासाठी स्टूल पुसलं. मी कॉम्प्युटर समोर ठेवून बसले.

"विकायचाय," मी म्हणाले.

"चालतोय तो. फक्त प्रोसेसर, म्हणजे त्याचा मेंदू, जुना आहे. बेटावर उतरायचं तर त्याला काही वाटत नाही, चार झाडं आणि पाणी. शहर आलं की हजारो इमारती, रस्ते, गाड्या, सगळ्याचा हिशेब एकदम करावा लागतो. धापा टाकतो. चित्र अडकतं आणि विमान पडतं. तुमच्या शहराच्या वेशीवरून बाबा कितीदा तरी परत फिरलेत."

"मग प्रोसेसर बदलला का नाही त्यांनी?"

तो उठला. खालच्या खणातून एक छोटी, न फोडलेली डबी काढून त्यानं माझ्यासमोर ठेवली. तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर बाबांचं अक्षर होतं : *निरोप आल्यावर.*

"आठ महिने झाले," टॉवर म्हणाला. "नवा प्रोसेसर बसवण्याआधी बोर्डाला त्याची ओळख करून द्यावी लागते, आणि ती जुना जागेवर असतानाच. ते काम त्यांनी तेव्हाच करून घेतलं. म्हटलं, लगेच बसवू, दहा मिनिटांचं तर काम. तर म्हणाले, नको. बोलावल्याशिवाय कुणाच्या घरी जाऊ नये."

मी डबी उचलली. परत ठेवली.

"तुम्ही सांगा," मी म्हणाले. "बदलू?"

"दुकानदार म्हणून विचाराल तर नको. आठ वर्षांचं मशीन आहे. याच्यात आता काही घालू नका, आहे तसं विका."

"आणि दुकानदार म्हणून विचारलं नाही तर?"

तो थोडा घुटमळला. "तर... बदलू म्हणेन. बसवल्यावर घरी येऊन तपासावं लागतं."

"हे सगळ्यांच्या घरी जाऊन तपासता?"

"नाही." त्याचे कान लाल झाले. "आणि एक सांगू? तो पंखा बाबा नेहमी स्वतःच पुसायचे. आठ वर्षांत एकदाही दुकानात पाठवला नव्हता. तुम्ही आलात, त्याच दिवशी पाठवला."

मला हसू आलं, आणि तीन आठवडे थोपवलेलं रडूही त्याच्याबरोबरच आलं. टॉवरनं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि तोंड फिरवून वायरी मोजायला लागला. मुद्दाम, मोठ्यानं. "एक... दोन..."

"बदला," मी म्हणाले.

जुना प्रोसेसर त्यानं हळूच उचलला, त्यावरचा वाळलेला लेप पुसला आणि माझ्या तळव्यावर ठेवला. बिस्किटाएवढा चौकोन. मी मूठ मिटली. त्याची बोटं क्षणभर बाहेरच राहिली, माझ्या मुठीवर.

शनिवारी दुपारी रिकाम्या घरात एक टेबल, दोन खुर्च्या आणि तो कॉम्प्युटर होता. बाबांचं शेवटचं उड्डाण जतन केलेलं होतं. वेशीपाशी, ढगांखाली. टॉवरनं विमान वळवायचा दांडा हातात घेतला. पडद्यावरच्या काचेवर पावसाचे थेंब ओघळू लागले.

"तुम्ही गेल्यावर," समोरच बघत तो म्हणाला, "मला त्या शहरात काही काम निघालं तर..."

"कसलं काम?"

"अजून निघालेलं नाही."

मी पडद्याकडे बघितलं. ढग सरले होते. खाली माझं शहर उगवत होतं. आधी पूल, मग उंच इमारती, मग घरांच्या ओळी. चित्र अडकलं नाही. कुठेच नाही. माझी गल्लीसुद्धा दिसली असेल, मला डोळ्यांतल्या पाण्यानं ओळखता आली नाही.

"धावपट्टी समोर आहे," तो म्हणाला. "विमानतळाच्या टॉवरला विचारायला हवं."

"टॉवर तर तुम्ही."

"मी विमानात आहे. बाबा फोनवर विचारायचे, मी दुकानातून परवानगी द्यायचो. पण या शहराची कधी दिली नाही. म्हणायचे, ती तू नको देऊस." त्याचा आवाज खाली आला. "दोन आसनी विमान, वेशीवरून. उतरायला परवानगी आहे का?"

विमानानं एक घिरटी घातली. दुसरी घातली. त्यानं घाई केली नाही.

"या," मी म्हणाले. मग परत, मोठ्यानं म्हणाले. "या, बाबा. उतरा. माझी खोली लहान आहे, पण जागा होईल. कपाट नाही उघडलं तर नाही उघडलं. मी तुम्हाला कधीच या म्हटलं नाही. या."

चाकं टेकली. विमान ओल्या पट्टीवर धावत गेलं, मंद झालं, थांबलं. पंखा तेवढा फिरत राहिला.

टॉवरनं दांड्यावरचा हात काढला नाही. तो काही विचारणार नव्हता, हे मला कळलं. तोही घिरट्याच घालत राहिला असता.

"आणि तुम्हीही या," मी म्हणाले. "काम निघायची वाट बघू नका."