सरळ लावलेला सिनेमा

सरांना त्या दुपारी फक्त नवा चष्मा आणायचा होता. दुकान लेकीच्या एडिटिंग रूमपासून दोन पावलांवर, म्हणून बायकोलाही बरोबर घेतलं होतं. तिला हल्ली घरी एकटं ठेवता येत नसे. ती वेडीबिडी झाली नव्हती. आठवणी सगळ्या शाबूत होत्या, त्यांचा क्रम तेवढा गेला होता. दुपारचं जेवण झालं की ती दात घासायला जाई. सासूबाईंना जाऊन किती वर्षं लोटली, तरी त्या आतल्या खोलीत आत्ताच आडव्या झाल्यात असं समजून हळू बोले. परवा तिने सरांनाच विचारलं होतं, "अहो, आपलं लग्न ठरलंय ना?" सर हसून "हो" म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, बराच वेळ बसले.

चष्मा घेतला तोच लेकीचा फोन आला. "बाबा, वर या दोघं. आईसाठी एक गंमत केलीय."

गंमत म्हणजे आईचाच सिनेमा. तरुणपणी तिने एकच सिनेमा केला होता. शहरात येऊन एकटी राहणाऱ्या एका मुलीची साधीशी गोष्ट; पण दिग्दर्शकाने ती अशी काही विस्कटून मांडली होती की शेवट सुरुवातीला, सुरुवात मध्यावर आणि मधलं कुठेतरी वळचणीला. लोक अर्ध्यातून उठून गेले. मग विद्वानांनी तो डोक्यावर घेतला, आणि त्या विद्वानांत पहिले होते सर. विखुरलेल्या काळाच्या तत्त्वज्ञानावर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं. नोकरी, मानमरातब आणि बायको, सगळं त्याच सिनेमाने दिलं. तरी आपल्याला तो खरंच कळलाय का, ही धाकधूक त्यांच्या मनातून कधी गेली नव्हती.

"सगळे सीन क्रमाने लावलेत," लेक म्हणाली. "जसं घडलं तसं. आईला नीट कळेल."

"म्हणजे माझ्या पुस्तकाची वाट लावलीस."

"ते वाचतंय कोण, बाबा!"

"मी वाचलंय," बायको म्हणाली. "अर्धं."

तिघं हसली. लेकीने दार लावलं. त्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना आवाज शोषणारा काळा फोम लावलेला, त्यामुळे हसू तोंडातून बाहेर पडलं न पडलं तोच विरलं. तापलेल्या वायरींचा आणि जुन्या धुळीचा वास येत होता. दिवा गेला तेव्हा सरांना स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला.

पडद्यावर हॉस्टेलचं मैदान आलं. हातात ट्रंक घेतलेली मुलगी चालत येत होती.

"हा माझा पहिला दिवस," बायको चटकन म्हणाली. "आता मी खोलीची किल्ली मागणार."

पडद्यावरच्या मुलीने किल्ली मागितली. लेकीने अंधारात बापाचा हात दाबला. कित्येक महिन्यांत आईने "आता" हा शब्द नेमक्या जागी वापरला नव्हता. सरांचे डोळे भरून आले. नवा चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि तेव्हा त्यांना मैदानाच्या पार टोकाला उभा असलेला माणूस दिसला.

पांढरा शर्ट. मान जराशी डावीकडे कललेली. असेल कुणीतरी, शूटिंग बघायला उभा राहिलेला.

पुढचा सीन बसस्टॉपचा. मुलगी बसची वाट बघत होती. रस्त्याच्या पलीकडे, झाडाआड, पांढरा शर्ट. मान कललेली.

मग ऑफिस. मुलगी टाइप करत होती. मागच्या काचेच्या पार्टिशनपलीकडे...

"थांब जरा," सर म्हणाले. "तो कोण?"

लेकीने चित्र थांबवलं. "कुठला? अरे, हो की. मला कसा दिसला नाही?"

"मलाही नाही दिसला कधी. पन्नास वेळा पाहिलाय मी हा सिनेमा." बोलता बोलता त्यांना कारण कळलं. ते कायम नायिकेकडेच बघत आले होते. आणि बघितलं असतं तरी उपयोग नव्हता. विस्कटलेल्या सिनेमात तो कधी दूर, कधी जवळ, कधी मध्ये, गर्दीतल्या कुणाहीसारखा. सीन सरळ लावले तेव्हाच त्याची चाल दिसत होती. तो प्रत्येक सीनमध्ये थोडा जवळ येत होता.

"दिग्दर्शकाने ठेवला असेल मुद्दाम," लेक म्हणाली.

सरांना हायसं वाटलं. अर्थात! मग आठवलं. पुस्तकासाठी त्यांनी शूटिंगचा सगळा तपशील खोदून काढला होता. "घर भाड्याने थोडेच दिवस मिळालं होतं," ते सावकाश म्हणाले. "म्हणून शेवटचे सीन आधी घेतले. दार, जिना... मग ऑफिस, बसस्टॉप. मैदान सगळ्यांत शेवटी."

"मग तर तो लांब जात होता."

"नाही गं," बायको म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता, कित्येक महिन्यांत नव्हता इतका. "शूटिंग उलटं होतं. तो सरळच येत होता."

लेक आईकडे वळली.

"आई... तुला माहीत होतं?"

"पहिल्यांदा पूर्ण सिनेमा सरळ क्रमाने जोडून बघितला, तेव्हा दिसला. मी आणि दिग्दर्शक, दोघांनीच बघितला. मी म्हटलं, पत्ते पिसतात तसं पिसून टाका हे सगळं. त्याला पोचू देऊ नका. दिग्दर्शक तसे घाबरट. लगेच ऐकलं."

"म्हणजे ते काळाचं तत्त्वज्ञान..." सरांच्या तोंडून निघालं.

"छान लिहिलंय हो तुम्ही. म्हणून तर बोलले नाही. तुमचा हिरमोड कशाला?" ती लेकीकडे वळली. "लाव पुढे."

"नको," सर म्हणाले. "बंद कर ते. आत्ताच्या आत्ता."

लेकीचा हात कीबोर्डकडे गेला. आईने तिचं मनगट धरलं. "बघू दे गं. किती दिवसांनी मला पुढचं आठवतंय."

बंद करावं तर ती पुन्हा त्या गोंधळात जाणार होती, जिथे आपण तिचे कोण हेही नक्की नव्हतं. चालू ठेवावं तर... त्यांनी तिचा दुसरा हात घट्ट धरला.

जिना. मुलगी वर चढत होती. तिच्यामागे, एकाच पायरीच्या अंतरावर, पांढरा शर्ट. कललेल्या मानेवर चेहरा असायला हवा तिथे जिन्याची सावली पडली होती.

मग घर, आतून. संध्याकाळ. मुलगी कॅमेऱ्याकडे पाठ करून दाराशी गेली. कडीवर हात ठेवला.

दार उघडलं.

उंबऱ्यावर कुणी नव्हतं. रिकामा उंबरा, बाहेरचा मंद उजेड. मूळ सिनेमा ज्याने सुरू होत होता आणि ज्याच्यावर सरांनी अख्खं प्रकरण लिहिलं होतं, तोच तो रिकामा उंबरा. मुलगी दाराची कड धरून जरा वेळ उभी राहिली, मग तिने दार लावून घेतलं. समाप्त.

लेकीने दिवा लावला. "बाबा, घामाने भिजलात की!"

"हे घाबरले," बायको म्हणाली. "कुणी नव्हतं तर एवढे घाबरले. असतं तर काय केलं असतं?" आणि ती खळखळून हसली. पूर्वीसारखी. मग तिने सांगायला सुरुवात केली. सकाळी उपमा कच्चा राहिला होता. मग चष्म्याच्या दुकानात मालकाने फार बडबड केली. मग ते वर आले. लेकीचा जन्म, सरांचं आजारपण, सासूबाईंचं जाणं, सगळं एकामागून एक, आपापल्या जागी. लेक तोंडावर ओढणी धरून रडत होती. सरही रडले आणि त्याची त्यांना मुळीच लाज वाटली नाही. पुस्तक गेलं खड्ड्यात. बायको परत आली होती.

निघताना ते दोघं लिफ्टमध्ये शिरले. मोठी, सामानाची लिफ्ट. सरांनी खालचं बटण दाबलं, पण बायकोने हात आडवा करून दार अडवून धरलं. मागून कुणी सावकाश येत असेल तर धरतात, तसं. मग हात काढला आणि सरांच्या अगदी जवळ सरकली, अंग चोरून.

"अहो," ती हळूच म्हणाली, "त्याला जरा जागा द्या ना."

दार मिटलं. सरांनी तिच्याकडे बघितलं. तिची नजर स्वच्छ होती. ती त्यांना ओळखत होती.

सर भिंतीला चिकटून उभे राहिले.