यापुढे मेसेज नको

‘पाणी किती दिवसांनी येतं, हे मेसेज करून काय विचारता? आमच्या गल्लीत येऊन राहा की. घागर मी देतो.’

महापालिकेच्या निवडणुकीचे दिवस होते. सात रस्ता चौकातल्या प्रचार कार्यालयात बसून हे उत्तर वाचलं आणि मी एकटीच हसले. मग लगेच घाबरले. घाबरण्यासाठी मला कारण लागतंच असं नाही. हसल्यावर काहीतरी वाईट घडणार, असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

मी दाक्षायणी. सुंदरम्मा अक्का पहिल्यांदाच निवडणुकीला उभ्या होत्या, आणि मतदारांना मेसेज पाठवायचं काम माझ्याकडे होतं. अक्कांचा शेंगाचटणीचा धंदा. चटणी सोलापूरभर जायची, पण भाषण म्हटलं की त्यांच्या घशाला कोरड पडायची. माझ्याआधी कुणीतरी ‘विकासाचा ध्यास, जनतेचा विश्वास’ असले मेसेज धाडत होतं. लोक ते न वाचताच पुसत होते.

“अक्का, असं नको,” मी म्हटलं. “एका मेसेजात एकच प्रश्न विचारू. त्यांच्या गल्लीतला. आणि जो उत्तर देईल, त्याच्याशी खरंच बोलू. खाली लिहू, मेसेज नको असेल तर कळवा.”

“आनि नको म्हणलं तर?”

“तर परत कधीच नाही.”

“हे बेस हाय,” अक्का म्हणाल्या. “मी चटणी विकते तवा असंच करते की. एकदा नको म्हणलं, त्या उंबऱ्याला परत जायचं न्हाई.”

घरोघरी फिरून, विचारून घेतलेल्या नंबरांवर आम्ही पाण्याचा प्रश्न पाठवला. त्यावर घागर देऊ करणारे हे गृहस्थ निघाले. नाव शरणबसव बिराजदार.

‘घागर नको,’ मी लिहिलं. ‘किती दिवसांनी, तेवढं सांगा. — सुंदरम्मा अक्कांचं कार्यालय.’

‘पाचव्या दिवशी. तेही पहाटे, चोरासारखं. पण कार्यालय इतक्या लवकर उत्तर देतं? निवडून आल्यावर ही सवय मोडावी लागेल तुम्हाला.’

‘नाही मोडणार.’

‘कार्यालय बाई आहे की बुवा?’

‘कार्यालय कामात आहे.’

‘म्हणजे बाई.’

फोन उपडा ठेवला. कान गरम झाले होते. काय हा आगाऊपणा! असं म्हणत म्हणत मी तो दुपारपर्यंत चार वेळा तरी सुलटा करून पाहिला.

मग रोजचंच झालं. त्याच्या गल्लीत पाण्याचा व्हॉल्व गळत होता, तो अक्कांनी स्वतः जाऊन पाहिला. संध्याकाळी त्याचा मेसेज… ‘तुमच्या अक्का आईशी कानडीत अर्धा तास बोलल्या. आता आई घरात माझं ऐकतच नाही.’

‘आधी ऐकायच्या?’ मी विचारलं.

‘नाही. पण आता कारण मिळालं.’

वह्या तपासताना तो लिहायचा. शाळेत शिकवतो, हे मला त्यावरूनच कळलं. एकदा त्यानं विचारलं, ‘कार्यालयाला हुरडा आवडतो का?’ मी लिहिलं, ‘कार्यालयाला आवडतो, पण गुळाबरोबर नाही, शेंगाचटणीबरोबर.’ मग आलं, ‘हे मी लक्षात ठेवतोय बरं का… आणि याचा मतदानाशी काही संबंध नाही.’

ते शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं.

मी त्याला पाहिलं नव्हतं. त्याला तर माझं नावही ठाऊक नव्हतं. तरी सकाळी केस विंचरताना मी आरशासमोर जरा जास्तच रेंगाळायला लागले होते. आईनं विचारलं, निवडणुकीला तू उभी आहेस की अक्का?

आणि मग मी घाण केली.

मतदान आठवड्यावर आलं होतं. दुपारची वेळ, कार्यालयात कुणी नव्हतं, मन हवेत होतं. मी लिहून गेले, ‘मतदानाच्या दिवशी तुम्हाला सुट्टी असेल ना? मत देऊन झालं की सात रस्त्यावर या. चहा आमच्याकडून.’

पाठवला. आणि लगेच वाट बघायला लागले. चिडवेल, भाव खाईल, की सरळ हो म्हणेल?

संध्याकाळ झाली तरी उत्तर नाही. दिवे लागल्यावर आलं.

‘यापुढे मेसेज नको. धन्यवाद.’

एवढंच.

मी माझाच मेसेज पुन्हा वाचला आणि तोंडचं पाणी पळालं. उमेदवाराच्या नंबरवरून मतदाराला, मतदानाच्या दिवशी, मत दिल्यावर चहा! मी बोलावलं होतं एका माणसाला. पण वाचणाऱ्याला ते आमिष दिसणार. त्यानं तक्रार केली तर? फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला तर? अक्कांच्या इतक्या दिवसांच्या पायपिटीवर माझ्या एका चहानं पाणी पडणार. आणि त्याहून मोठी भीती, जी मी मोठ्यानं कुणाला सांगू शकत नव्हते… त्याला मी कसली मुलगी वाटले असेन? मत विकत घेण्यासाठी महिनाभर गोड बोलणारी?

रडत रडतच मी अक्कांना फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. वरपासून खालपर्यंत, हुरड्यासकट.

“चहाला कुणी बोलावलं? मी का तू?”

“…मी.”

“मग माझ्या नंबरवरून कशाला ग बोलावलीस?”

मी ओढणीनं डोळे पुसले.

“त्यानं तक्रार केली तर मी बघंन. पोरगं तसलं वाटंना मला,” अक्का म्हणाल्या. “पन आता गप बसायचं. तुझ्या फोनवरूनबी करायचा न्हाई. नंबर त्यानं मला दिलता, तुला न्हवं.”

मी त्याचा नंबर माझ्या हातानं काढून टाकला. नियम माझाच होता. तो इतका बोचेल, हे बनवताना कुठं माहीत होतं?

पुढचे दिवस कसे काढले, मलाच ठाऊक. फोन वाजला की वाटायचं, निवडणूक कार्यालयातून असेल. नाही वाजला की आणखी वाईट वाटायचं. तक्रार काही आली नाही. प्रचार थांबला, अक्कांनी प्रचाराचं सिम काढून कपाटात टाकलं, आणि त्याच्याकडून माझ्यापर्यंत येणारी एकुलती एक वाट बंद झाली. त्याला वाटलं तरी तो आता मला कुठं शोधणार? मला तो हवा होता. आणि मीच त्याला घालवला होता.

मतदानाच्या सकाळी मी आमच्या भागातल्या शाळेत मत द्यायला गेले. माझं घर अक्कांच्या प्रभागात नाही. रांग सरकली, आत पहिल्या टेबलावर कुणीतरी माझं नाव मोठ्यानं वाचलं, सही झाली. पुढच्या टेबलावरचा तरुण खाली मान घालूनच म्हणाला, “डावा हात.”

मी हात पुढे केला. त्यानं बोट धरलं. आणि माझी नजर त्याच्या छातीवरच्या ओळखपत्रावर गेली.

शरणबसव बिराजदार. सहशिक्षक.

मास्तर! निवडणुकीची ड्युटी! ज्याला केंद्रावर बसायचंय, त्यानं उमेदवाराच्या कार्यालयाशी गप्पा कशा मारायच्या? म्हणून ते ‘नको’… की तेवढ्यासाठी नसेलच, चहामुळेच असेल? माझं बोट थरथरायला लागलं. मागच्या बाकावर उमेदवारांचे प्रतिनिधी डोळ्यांत तेल घालून बसले होते. मी एक शब्द जरी बोलले असते, तरी त्याच्या नोकरीवर आलं असतं.

“हलवू नका,” तो हळू म्हणाला. वर पाहिलं. डोळ्यांखाली जागरण, गालावर लहानशी खळी. “झालं. जावा पुढं.”

मी पुढं गेले, बटणं दाबली, बाहेर आले. त्यानं मला नुसती एक मतदार म्हणूनच पाहिलं होतं.

घरी गेले. अक्कांचं बोलणं डोक्यात घोळत होतं, मेसेज नाही, फोन नाही. पण त्यानं मेसेज नको म्हटलं होतं. समोर येऊ नका असं कुठं म्हटलं होतं? आणि समोर जाऊन पुन्हा ‘नको’ ऐकलं तर? ऐकू. पण त्याच्या तोंडून ऐकू.

मतदान संपून यंत्रं गाडीत चढेपर्यंत मी शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहिले. थंडी पडली होती आणि मी स्वेटर विसरले होते. शेवटी तो बाहेर आला, खांद्याला पिशवी, कानाला फोन.

“बिराजदार सर…” माझा आवाज मलाच ओळखू येईना. “मी… मी कार्यालय.”

त्यानं कानावरचा फोन खाली घेतला.

“मतदान संपल्यापासनं तुमचाच नंबर लावायलोय,” तो म्हणाला. “बंद लागतोय. मला वाटलं, संपलं आता.”

“सिम काढलं. आणि तो चहा… ते आमिष नव्हतं. अक्कांनी नाही, मी बोलावलं होतं. मी माझ्यासाठी.”

“तुमचा मेसेज आला तवाच हातात ड्युटीची ऑर्डर होती. काय लिहावं सुचंना. खरं कारण लिहिलं तर ते बी बोलणंच झालं की. चार वेळा लिहून पुसलं, आनि तेवढंच धाडलं.” त्यानं माझ्या शाईच्या बोटाकडे पाहिलं. “सकाळी… हात तुमचाच होता व्हय? लई थरथरत होता. मला वाटलं, ताप हाय. दिवसभर तेच मनात.”

“ताप नव्हता,” मी म्हणाले. “तुम्ही होता.”

तो पिशवी खाली ठेवून एक पाऊल पुढं आला.

“सर, चला की!” गाडीतून कुणीतरी ओरडलं. यंत्रं जमा करायला निघायचं होतं.

“तुमचा सोताचा नंबर द्या,” तो घाईनं म्हणाला. “कुनाच्या कार्यालयाचा न्हाई.”

सांगताना माझे आकडे चुकले. पुन्हा सांगितले. त्यानं तिथंच लावून पाहिला, आणि माझ्या हातात फोन वाजला.

“उचला की.”

मी उचलला. दोन हातांच्या अंतरावर तो उभा, तरी आम्ही दोघांनी फोन कानाला लावलेले.

“बोला,” मी म्हणाले.

“मला तुमी लई आवडता,” तो फोनात म्हणाला, आणि ते मला दोन्ही कानांनी ऐकू आलं.