आम्ही की आपण

सकाळी ग्रंथालयात आले, तर माझी पोथी जागेवर नव्हती. सापडली तळघरातल्या दुरुस्तीच्या खोलीत, एका अनोळखी माणसाच्या हाताखाली. पानावर कुणीतरी कधीकाळी चिकटवलेली कागदाची पट्टी तो ओल्या कापसाने हळूहळू सोडवत होता.

"ती माझी आहे," मी म्हणाले.

"असं?" त्याने मानही वर केली नाही. "मग नऊशे वर्षं कुठे होतात?"

मी प्राचीन स्लाव्ह भाषेची अभ्यासक. त्या पोथीचं मराठी भाषांतर आणि व्याकरण, हे माझं चार वर्षांचं काम. एवढ्या काळात माझी खरी सोबत एका मेलेल्या लेखनिकाची, आणि तोही शुद्धलेखनात कच्चा. खोलीवर एक कप, एक ताट, एक खुर्ची. आई फोनवर विचारायची, "जेवलीस का?" मग जरा थांबून, "कुणाबरोबर?" दुसऱ्या प्रश्नाला मी हवापाण्याकडे वळायचे.

तो तीन आठवड्यांसाठी आला होता. हे पान झालं की दुसऱ्या शहरात, दोन वर्षांच्या कामावर. पहिल्या दिवशी त्याने हे सांगितलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मात्र मी रोज चारला काही ना काही निमित्त काढून तळघरात उतरायला लागले.

"आज काय, पेन्सिल हरवली?" तो विचारायचा.

"पट्टी बघायला आले."

"पट्टी बरी आहे. तुमची आठवण काढत होती..."

त्या पानावर दोन भाऊ गुरूचा निरोप घेतात. 'जाणे' या क्रियापदाचं 'इदे' एवढंच दिसत होतं, पुढचा प्रत्यय पट्टीखाली. मी आपलं बेधडक बहुवचन धरून लिहून टाकलं होतं — 'आम्ही जातो'.

गुरुवारी पट्टी निघाली. मी वाकले. त्याचा खांदा अगदी जवळ होता, खळीचा वास येत होता. पट्टीखाली फिकट शाईत 'वे' होतं.

"चुकले मी," मी म्हणाले. "हे द्विवचन आहे. या भाषेत दोघांसाठी वेगळं वचन होतं. एक नाही, अनेक नाही... फक्त दोघं. पुढे ते बहुतेक ठिकाणी झिजून गेलं."

"म्हणजे 'आम्ही दोघं जातो'?"

"हो."

"आम्ही की आपण?" त्याने कापूस खाली ठेवला. "गुरूला सांगत असेल तर आम्ही. भावाला सांगत असेल तर आपण. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा मागे राहतो."

"मूळ शब्दावरून ते कळत नाही."

"मग तुम्हालाच ठरवावं लागणार," तो म्हणाला, आणि जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

"उद्या ठरवते," मी म्हणाले आणि जिना चढून पळाले. उद्या त्याचा शेवटचा दिवस होता.

शुक्रवारी त्याने ब्रश गुंडाळले, पिशवी खांद्याला लावली. मी दारात उभी होते, मुठीत घामाने ओली झालेली चिठ्ठी.

"चला," तो उगाच हसत म्हणाला, "आम्ही निघतो."

"चुकलं."

"काय?"

"सर्वनाम." मी चिठ्ठी पुढे केली. 'आपण दोघं जातो.'

त्याने ती दोनदा वाचली. "हे... भाषांतर आहे ना?"

"नाही. मी म्हणतेय. मला तुम्ही आवडता. आणि मला मागे राहायचं नाहीये."

त्याने चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवली.

"तिथल्या खोलीत," तो म्हणाला, "एकच खुर्ची आहे."

"उन्हाळ्यात माझं इथलं काम संपलं की मी माझी घेऊन येते."

"ये," तो म्हणाला.

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तो माझ्याशी एकेरीत बोलला होता. मी चूक काढली नाही.