तीन पॉइंट नऊ

घंटामनोऱ्याचे दार आठवड्यात तिसऱ्यांदा अडले. रंधाकाकांनी ते बिजागऱ्यांतून उतरवले, दोन स्टुलांवर आडवे घातले आणि वरच्या कडेवर रंधा फिरवायला सुरुवात केली. लाकडाच्या कुरळ्या ढलप्या पायाशी पडू लागल्या. पाचवीतली तीन मुले त्या ढलप्या कानांत अडकवून बाजूला बसली होती. सुट्टीचा शेवटचा आठवडा होता. शनिवारी मनोऱ्यात नवी घंटा चढायची होती, जुनीच्या दुप्पट वजनाची, आणि त्याआधी एकदा तरी वर जाऊन यायचे असा तिघांचा बेत होता.

"काका, दार अडतं कशाने?" अर्थ्याने विचारले. "ओल लागून फुगतं म्हणावं, तर महिनाभर पावसाचा थेंब नाही. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं. मग याचा अर्थ काय?"

"झालं याचं सुरू," घोकू म्हणाला.

त्या लूथरन ख्रिस्ती शाळेत पाचवीच्या वर्गाला बायबलमधल्या दहा आज्ञा पाठ कराव्या लागत; पण नुसत्या पाठ असून भागत नसे. वर्गाला शिकवणाऱ्या मोठ्या बाई, म्हणजेच मुख्याध्यापिका, प्रत्येक आज्ञेनंतर 'याचा अर्थ काय?' असे विचारीत, आणि त्याचेही उत्तर द्यावे लागे. अर्थ्याला त्या प्रश्नाची इतकी सवय जडली होती, की अपूर्णांकांपासून जेवणाच्या डब्यापर्यंत सर्वांना तो तोच प्रश्न लावी. घोकूचे नेमके उलट. त्याला सगळे शब्दन्‌शब्द पाठ असे. अर्थाची उठाठेव तो करीत नसे. तिसरी मिली. तिचे पूर्ण टोपणनाव मिलीमीटर. वर्गात सर्वांत बुटकी आणि मापात सर्वांत पक्की, म्हणून पडलेले.

रंधाकाका तीस वर्षे शाळेची देखभाल करीत होते. त्यांनी रंधा खाली ठेवला. "दार नाही रे बिघडलेलं. चौकट तिरकी झालीय. भिंत सरकतेय. पण माझं ऐकतो कोण? तक्ता सांगतो की भिंत जागच्या जागी आहे."

मिलीने कानातली ढलपी काढली. तो तक्ता तिचा होता.

मनोऱ्याच्या आतल्या भिंतीत एक जुनी भेग होती. सुट्टी लागताना मोठ्या बाईंनी 'मापन' या धड्याचा उपक्रम म्हणून मिलीवर काम सोपवले होते: बारा दिवस, रोज सकाळी आठ वाजता, लाल खुणेपाशी, पोलादी पट्टीने भेगेची रुंदी मोजायची आणि तक्त्यात लिहायची. पहिले तीन दिवस तिने इमानाने मोजली. चार, चार, चार मिलीमीटर. चौथ्या दिवशी सायकल शिकायची होती. पाचव्या दिवशी वाटले, भिंत ती भिंत, पळून थोडीच जाणार? बाराव्या दिवशी संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नऊ दिवसांची मापे एका बैठकीत भरून टाकली. खरी वाटावीत म्हणून दोन पेने वापरली, आणि सगळीकडे चारच कसे दिसणार, म्हणून एके ठिकाणी ३.९ लिहिले.

मोठ्या बाईंनी नेमके त्याच आकड्यावर बोट ठेवून सर्वांसमोर तिचे कौतुक केले होते. पुढे तोच तक्ता त्यांनी घंटेचे काम करणाऱ्या कंत्राटदाराकडे दिला होता.

काका दार बसवीत असताना मुले आत शिरली. दोघे मुलगे शिडीवर चढले. मिली भेगेपाशी थांबली, खिशातली पट्टी काढून तिने लाल खुणेवर लावली. साडेसहा. डोळे चोळून पुन्हा लावली. साडेसहाच.

"किती आहे गं?" अर्थ्याने वरून विचारले.

"चारच," ती म्हणाली. पहिले खोटे तिने कागदावर लिहिले होते. हे तोंडाने बोलावे लागले, आणि ते जास्त जड गेले.

त्या दुपारी काकांनी रंध्याचे पाते परजता परजता मुलांना सगळे सांगितले. कंत्राटदाराने शाळेच्या समितीपुढे तक्रार केली होती की म्हातारबुवा चांगले दार तासून तासून वाया घालवतात आणि भिंत सरकते म्हणून गवंड्यांना घाबरवतात. समितीने तक्ता पाहिला आणि ठरवले की आता यांचे वय झाले. शनिवारनंतर त्यांना काम नव्हते, आणि शाळेमागची खोलीही सोडायची होती. काका रागावलेले दिसत नव्हते. एवढेच म्हणाले, "पोरीने मोजलंय म्हणजे बरोबरच मोजलं असेल. माझीच नजर गेली असेल."

मिली जमिनीवरच्या ढलप्या गोळा करू लागली.

शुक्रवारी सकाळी अर्थ्याने शोधाचा नारळ फोडला. मनोऱ्यालगत कंत्राटदाराची माणसे नळासाठी खोल चर खणत होती. कामाचा नकाशा कार्यालयाबाहेर लावलेला होता. प्रमाण एकास शंभर, आणि नकाशावर मनोरा व चर यांत तीन सेंटिमीटर अंतर.

"म्हणजे जमिनीवर तीन मीटर," अर्थ्या म्हणाला. काकांची टेप लावली, तर अंतर भरले एक मीटर वीस. घोकूने अत्यंत भोळा चेहरा करून कंत्राटदाराला विचारले, की चर इतका जवळ का आला. तिकडे खाली खडक लागला, असे तो हसत म्हणाला. नळाला काय, इकडून गेला काय आणि तिकडून गेला काय! पायाशेजारची माती काढली की पाया सैल होतो, हे पाचवीच्या पुस्तकात होते. ते पुस्तक तो बहुधा विसरला होता.

"पण तो तक्ता दाखवणार," घोकू म्हणाला. "तक्त्यापुढे आपलं काय चालणार?"

"मग भिंतीलाच बोलू दे," अर्थ्या म्हणाला.

प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाच्या तीन काचपट्ट्या त्याने काकांकरवी मागून आणल्या. काच ताणली जात नाही. भिंत जराशी जरी सरकली, तरी ती तडकणार. एक पट्टी भेगेवर आडवी, दोन्ही टोके प्लॅस्टरने पक्की. उरलेल्या दोन शेजारच्या धड भिंतीवर, तशाच. प्रत्येकीखाली तारीख आणि वेळ.

"दोन जास्तीच्या कशाला?" घोकूने विचारले.

"उद्या कळेल."

प्लॅस्टर वाळेपर्यंत घोकूने आपली नेहमीची करमणूक सुरू केली. आठवी आज्ञा, 'खोटी साक्ष देऊ नकोस', अर्थासकट म्हणू लागला. शेजाऱ्याबद्दल खोटे बोलू नये, त्याचे नाव खराब करू नये, इथपर्यंत मिलीला पाठ होते. चाचणीत तेवढेच आले होते. पण घोकू थांबला नाही. पुढे असेही होते की त्याची बाजू घ्यावी आणि त्याच्याबद्दल चांगले बोलावे. मिलीने मान खाली घातली.

घोकू पाणी प्यायला गेल्यावर अर्थ्या हळूच तिच्याजवळ सरकला.

"मिली, तुझ्या पट्टीवर सगळ्यांत बारीक खूण कितीची?"

"अर्ध्या मिलीमीटरची."

"मग तक्त्यात तीन पॉइंट नऊ कुठून आलं?"

मिलीने पट्टी खिशात सारली. अर्थ्याने, आयुष्यात पहिल्यांदाच, याचा अर्थ काय असे विचारले नाही. त्याला तो कळला होता. "मी कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला. "पण तू सांग."

शनिवारी दहा वाजता क्रेन फाटकाशी उभी होती. समितीची माणसे, मोठ्या बाई, कंत्राटदार, सगळे मनोऱ्याशी जमले होते. काका हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन शेवटच्या वेळी दार उघडायला आले. मुले आधी आत धावली. भेगेवरची काचपट्टी मधोमध तडकली होती.

अर्थ्याने सर्वांना आत बोलावून ती दाखवली. कंत्राटदाराने ओणवे होऊन पाहिले. "पोरांचे हात लागले असतील. नाहीतर क्रेनच्या हादऱ्याने गेली."

"हात लागले असते किंवा हादरा बसला असता, तर शेजारच्या दोन शाबूत कशा राहिल्या?" अर्थ्याने विचारले. "त्या त्यासाठीच तर लावल्यात."

समितीतले एक आजोबा मिशीत हसले. पण कंत्राटदाराने फाइलमधून तक्ता काढला. "एका काचेसाठी क्रेन परत पाठवायची? हे बघा, बारा दिवसांची मापं. भेग चारची चारच. तुमच्याच विद्यार्थिनीने लिहिलंय."

सर्वांच्या माना तक्त्याकडे वळल्या. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिले. काका किल्ल्या समितीच्या हाती द्यायला पुढे झाले.

"तो तक्ता खोटा आहे."

आवाज इतका बारीक होता, की तो कुठून आला हे क्षणभर कुणाला कळेना. मिली पुढे आली. तिचे कान लाल झाले होते.

"फक्त पहिले तीन दिवस मी मोजलं. बाकीचं घरी बसून लिहिलं. परवा मोजलं तेव्हा साडेसहा होतं, तरी मी चार सांगितलं." तिने काकांकडे बघितले आणि नजर खाली न टाकता पुढचे बोलली. "काका खरं सांगत होते. त्यांची नजर चांगली आहे. खोटी साक्ष मी दिली."

मोठ्या बाईंनी तिच्या हातातली पट्टी घेतली आणि स्वतः लाल खुणेवर लावली. सात. त्यांनी पट्टी कंत्राटदाराच्या हाती दिली. त्यानेही लावली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. अर्थ्याने त्याच्यापुढे नकाशा आणि टेप धरली.

क्रेन परत गेली. दुपारी इंजिनिअरबाई आल्या, त्यांनी मनोऱ्याला कुलूप लावले आणि चराला टेकू देऊन तो बुजवायला सांगितले. नवी घंटा चढली असती, तर पहिल्याच रविवारी खाली प्रार्थनेला जमलेल्या माणसांवर काय ओढवले असते, हे त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितले. ऐकून समितीतले आजोबा खाली बसले. काकांना कामावरून काढल्याचे पत्र फाडण्यात आले. अर्थ्याच्या दोन जास्तीच्या काचपट्ट्यांची इंजिनिअरबाईंनी तोंडभरून स्तुती केली. घोकूच्या भोळ्या चेहऱ्यालाही शाबासकी मिळाली, आणि तो दिवसभर तसाच चेहरा करून हिंडला.

मिली काकांपुढे जाऊन उभी राहिली. माफीचे वाक्य तिने तीनदा मनात जुळवले होते, पण तोंडातून बाहेर पडले ते भलतेच. "तुमची खोली जाणार होती," ती म्हणाली आणि रडू लागली.

"जाणार होती," काका म्हणाले. त्यांनी 'असू दे' म्हटले नाही. मग म्हणाले, "सगळ्यांसमोर बोललीस. माझ्याच्याने तुझ्या वयात नसतं झालं."

मोठ्या बाईंनी जुना तक्ता फाडला नाही. नऊ ओळींवर मिलीकडून तांबडी रेघ मारून घेतली, शेजारी 'न मोजता लिहिलेले' असे तिच्याच अक्षरात लिहून घेतले आणि तो भिंतीवर लावला. मग कपाटातून कोरा तक्ता काढून तिच्यापुढे धरला. "उद्या आठ वाजता. इंजिनिअरबाईंना रोजचं माप हवंय; टेकू लागले, तेवढ्यापुरतं आत जायला हरकत नाही म्हणाल्या. किल्ली काकांकडे."

"मीच?" मिलीने विचारले.

"तूच. आणि तपासायला बरोबर कुणीही येणार नाही."

सकाळी आठ वाजता तिने पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली, आणि तिसऱ्यांदा लावून मग लिहिले. बाहेर अर्थ्या दाराला टेकून उभा होता.

"किती?"

"सात."

"सात पॉइंट किती?"

"सात," मिली म्हणाली. "पट्टीवर त्याहून बारीक दिसत नाही."