भर उजेडात उपाशी चवळी

मुलांनो, आधी एक खोली मनात उभी करा. तिला खिडकी आहे, पण खिडकीबाहेर आकाश नाही, पाणी आहे. हिरवट-निळे, आणि त्यातून संथपणे मासे चालले आहेत. मालवणच्या किनाऱ्यापासून बरेच आत, समुद्राच्या तळाशी बांधलेल्या वसाहतीतली ही खोली. वर्ष कोणते? तुम्ही आजी-आजोबा व्हाल त्या सुमाराचे धरा. इथे साठ माणसे राहतात, त्यांत नऊ मुले. हवा बाहेरून येत नाही. आहे तीच पुन्हापुन्हा स्वच्छ करून वापरायची.

आता त्या खोलीत चवळीच्या चाळीस कुंड्या मांडा. वर लख्ख पांढरे दिवे लावा. पाणी द्या, खत द्या. सगळे झाले? तरीही तीन आठवड्यांत एकही वेल बोटभर वाढलेला नाही. असे का व्हावे?

अकरा वर्षांच्या निमा खोबरेकरपुढे हेच कोडे होते, आणि ते सोडवायला तिच्याकडे फक्त एक सकाळ होती. ही खोली मुलांची. बिया त्यांनीच लावल्या होत्या आणि निमाला रोपप्रमुख निवडले होते. पण वसाहतीचे प्रमुख तळगावकर काका दुपारी बारा वाजता येणार होते. वेल ऑक्सिजन देत नसतील तर ते उपटायचे आणि खोलीत पंपांचे सुटे भाग ठेवायचे, असे ठरले होते.

"मी पाणी दिले. खत दिले. पाने पुसली," रोपांची निगा राखणारा चिमटा नावाचा यंत्रमानव म्हणाला. "गाणे म्हटले नाही. ते माझ्या यादीत नाही."

"नकोच म्हणू. आहेत ती पानेही गळतील," निमा म्हणाली आणि कावेरीआजींकडे वळली. "आजी, बारा वाजेपर्यंत शोधायचेच. सांगा, कुठून सुरुवात करू?"

कावेरीआजी म्हणजे कावेरी धुरी, वसाहतीच्या वनस्पतिशास्त्रज्ञ. निमाच्या सख्ख्या आजी नव्हेत, पण वसाहतीतली सगळी मुले त्यांना आजीच म्हणत. "पानालाच विचारू या," त्या म्हणाल्या.

त्यांनी एक पान तोडले, गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग उतरवला आणि फिकट झालेल्या पानावर आयोडिनचे थेंब टाकले. "पानात पिष्ट (साखरेपासून बनवून साठवलेले अन्न) असेल तर ते काळेनिळे होईल."

दोघी वाकून बघत राहिल्या. पान पिवळट तपकिरीच राहिले.

"म्हणजे उपाशी आहे!" निमा ओरडली. "एवढ्या उजेडात?"

"उजेड काही खाता येत नाही गो. तो अन्नात साठवावा लागतो. बस इथे, सांगते." आजींनी एक पान दिव्यासमोर धरले. "यात हरितद्रव्य (पानाला हिरवा रंग देणारा पदार्थ) आहे. त्याने प्रकाश शोषला, की त्यातला इलेक्ट्रॉन (अणूतला अतिसूक्ष्म कण) उसळी मारतो आणि शेजारच्या रेणूकडे जातो. तिथून पुढच्याकडे, मग त्याच्या पुढच्याकडे."

"मग हरितद्रव्यात एक इलेक्ट्रॉन कमी पडला की!"

"शाबास. ती जागा भरायला पान पाण्याचा रेणू फोडते. त्यातून इलेक्ट्रॉन मिळतात आणि ऑक्सिजन मोकळा होतो."

"थांबा, थांबा. ऑक्सिजन पाण्यातून येतो? मला वाटायचे, कार्बन डायऑक्साइडमधून."

"तुझ्या तळगावकर काकांनाही तसेच वाटते. आता मुख्य गोष्ट ऐक. इलेक्ट्रॉनच्या या प्रवासात जी ऊर्जा मिळते, ती पान काही चिमुकल्या रेणूंमध्ये भरते. त्यांतल्या एकाचे नाव एटीपी. आपल्या बोळातल्या चार्जिंगच्या फळीवर शाळेच्या बॅटऱ्या भरतात, तसेच समज. प्रकाशाची ऊर्जा आता रासायनिक ऊर्जा (पदार्थाच्या रेणूंमध्ये साठलेली ऊर्जा) झाली. ही पहिली पायरी."

"आणि दुसरी?"

"भरलेल्या बॅटऱ्या वापरून पान साखर तयार करते. रिकाम्या झालेल्या बॅटऱ्या पुन्हा फळीवर येतात, पुन्हा भरतात."

निमा सावकाश म्हणाली, "आजी, परवा शाळेला सुट्टी होती. कोणी बॅटऱ्या वापरल्याच नाहीत. फळी दिवसभर भरलेली. वीज होती, पण भरायला रिकामी बॅटरीच नव्हती." तिचा आवाज चढला. "इथेही तसेच झाले असेल तर? दुसरी पायरी बंद, म्हणून पहिलीही अडली! पाणी फुटत नाही, म्हणून ऑक्सिजन नाही!"

आजी नुसत्या हसल्या.

"साखर कशापासून करतात?" निमाने स्वतःलाच विचारले. "बॅटऱ्यांतली ऊर्जा आहे. आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड." एवढे बोलून ती दाराकडे बघतच राहिली.

दारावर हवेची पाटी होती. वसाहतीत प्रत्येक दारावर ती असे. खोलीत कार्बन डायऑक्साइड किती, हे ती दाखवी. माणसांना तो जास्त झाला तर डोके दुखते, गुंगी येते, म्हणून सगळे त्याला टरकून असत. ज्या खोलीचा आकडा सर्वांत कमी, तिला रोज सकाळी पितळी तारा मिळे. रोपांच्या खोलीने सलग एकवीस दिवस तारा पटकावला होता. आताही पाटीवर आकडा होता चाळीस.

"वर किनाऱ्यावर किती असतो?" निमाने विचारले.

"हवेच्या दहा लाख भागांत चारशेच्या वर. तेवढ्यावर माणसेही खुशाल असतात आणि झाडेही," आजी म्हणाल्या.

निमाचा चेहरा उतरला. "आजी, हवा गाळणारे यंत्र मीच पूर्ण जोरावर ठेवले. ताऱ्यासाठी. मीच उपाशी ठेवले त्यांना."

"मी म्हटले होते, हवा फार स्वच्छ आहे," चिमटा म्हणाला. "तू म्हणालीस, वा!"

आजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "चूक सापडली ना? मग रडायचे संध्याकाळी. अकरा वाजलेत."

निमाने नाक पुसले. यंत्राचा काटा तिने आठशेवर आणला. त्याहून जास्त झाले, तरच आता ते चालू होणार होते. पण रिकाम्या हवेत कार्बन डायऑक्साइड यायचा कुठून? ती बोळात धावली आणि उरलेल्या आठही मुलांना घेऊन आली. "दोरीच्या उड्या मारा! धापा टाका! जितके जोरात, तितके चांगले!"

पाटीवरचा आकडा चढू लागला. शंभर. अडीचशे. चारशे.

बाराला तळगावकर काका आले आणि दारातच थबकले. "काय गो निमा, ही काय धिंगाणा घालायची जागा आहे? आणि हा आकडा बघितलास?"

"बघितला काका. मीच वाढवला. आधी कमीही मीच केला होता, ती माझी चूक. पण आता इकडे बघा." तिने त्यांना वेलाच्या पानाला लावलेल्या मापकाजवळ नेले. पान किती ऑक्सिजन सोडते, ते त्यावर दिसे. तीन आठवडे शून्यावर पडलेला काटा थरथरत वर येत होता. थांबला. पुन्हा वर सरकला.

काकांनी चष्मा पुसून पाहिले. मग आजींकडे पाहिले.

"मला विचारू नका," आजी म्हणाल्या. "रोपप्रमुख ती आहे."

"महिनाभर देतो," काका शेवटी म्हणाले. "पण मुले रोज शाळा सोडून उड्या मारणार नाहीत. वेलांना श्वास पुरवायचा कोणी?"

निमाने भिंतीवर एक मोठा कागद लावला, त्यावर माणशी एक असे साठ रकाने आखले आणि पहिल्या रकान्यात ठळक अक्षरांत लिहिले: तळगावकर काका, उद्या सकाळी सात वाजता, पन्नास उड्या.