चारही ब्रेक बाहेर

डिसेंबरच्या शेवटी पॉलिटेक्निकला सुट्टी लागली आणि मी बाबांची गाडी दुरुस्त करायला घेतली. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून ती किला गेटजवळच्या आमच्या घरी अंगणात उभी होती आणि तिचे ब्रेक गंजून जाम झाले होते. मी वर्कशॉप शिकवते. मेकॅनिकला बोलवायचं मनातसुद्धा आलं नाही.

तीन दिवस मोठे मजेत गेले. मागचे ड्रम निघता निघेनात. गंज सोडवायचं तेल मुरवलं, कडेकडेनं हातोडी ठोकली, तेव्हा कुठे सुटले. पुढचे पिस्टन तर पकडीलाही दाद देईनात. शेवटी चारही चाकांचं सगळंच बाहेर काढलं, ब्रेकचं तेलही काढून टाकलं. मग चाकं परत चढवली, पुढच्या दोन्हींना विटा लावल्या आणि सुटे भाग पुसून जुन्या चादरीवर उन्हात मांडले.

अंगणाला फाटकाकडे चांगलाच उतार आहे. खाली फाटकापाशी आई खुर्ची टाकून मटार सोलत होती, गाडीकडे पाठ करून.

"हेमांगी, चहा ठंडा होऊन गेला बघ."

"आले गं, पाच मिनटं."

हात काळे, पाठीवर ऊन, वर किल्ल्याची भिंत पिवळीधमक. फार दिवसांनी इतकं बरं वाटत होतं.

एक स्प्रिंग घरंगळून गाडीखाली गेली. ती काढायला मी मागून वाकले, तेव्हा खांद्याचा भार गाडीवर पडला. पुढे काहीतरी कचकन फुटलं. एक वीट दुभंगली होती. दुसरी आपोआप सरकली आणि गाडी निघाली.

फारसा आवाजही झाला नाही. मी बंपर धरला, पण गाडी मलाच ओढत उताराला लागली.

"आई, ऊठ!"

आणि गाडी थांबली. करकचून ब्रेक दाबावा तशी, नाक खाली करून. आईच्या पाठीपासून वीतभरावर. फरशीवर टायरांचे काळे पट्टे उमटले होते.

मी मागे वळून पाहिलं. शू, पॅड, पिस्टन, सगळं चादरीवर जिथल्या तिथे होतं.

आई उठून वळली. घाबरलेली दिसेना. तिनं गाडीच्या काचेकडे पाहिलं आणि पदर सावरला.

"लागलं का गं तुला?"

"नाही. तुला?"

"मला कशाला लागेल?"

मी तुळशीच्या कुंडीचे दोन दगड आणून चाकांपुढे ठेवले. मग मागून गाडीला रेटा दिला. हलेना. चाकं घट्ट जाम होती, आणि जाम व्हायला आत काहीच नव्हतं.

आई काचेजवळ गेली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "दगड लावलेत तिनं. सोडा आता."

गाडी बोटभर पुढे सरकून दगडांना टेकली.

मी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. ब्रेकचं पेडल सावकाश वर येत होतं. ते वर येऊन थांबलं. मग सीटचा दबलेला फोम फुगू लागला, आधी आतल्या कडेनं, मग माझ्या बाजूनं.

मी दारातून बाजूला झाले.